चेहऱ्याचा फेरफार

ज्या विद्या मनुष्याने पंचविशीच्या आत आत्मसात कराव्यात, अन्यथा त्यांचा नाद सोडून द्यावा, अशी समाजाची अलिखित परंतु कडक अट आहे, त्यांत पोहणे, सायकल चालविणे आणि स्वतःच्या तोंडाला रंग लावणे ह्या तिहींची गणना करावी लागेल. पैकी पहिल्या दोन विद्यांच्या बाबतीत समाज पुष्कळच उदार आहे. साठीच्या गृहस्थाने पाठीला डबा बांधून तलावात उडी घेतली, तर काठावरची मंडळी त्याच्या उमेदीची तारीफ करतात. तो सायकलवरून पडला तर त्याला उचलून, लेंग्याची माती झटकून, वर दोन शब्द उत्तेजनाचेही बोलतात. परंतु त्याच वयाच्या बाईने आरशापुढे बसून पापणीच्या कडेने काळी रेघ ओढावयास घेतली की, आप्तेष्टांच्या मुद्रेवर प्रथम कुतूहल, नंतर काळजी आणि शेवटी ‘ह्या वयात?’ हे दोन शब्द उमटतात. दिसावयास हा प्रश्न आहे. वस्तुतः तो निकाल असतो, आणि तोही प्रतिवादीची जबानी न घेता दिलेला. उभी नोकरी महसूल खात्यात गेल्यामुळे एकतर्फी निकालावर अपील दाखल करण्याची मला सवय आहे. सबब हा लेखनप्रपंच.

वाईच्या ज्या घरात मी वाढले, तेथे तोंड रंगविण्याचा अधिकार दोनच प्रकारच्या स्त्रियांना होता : नाटक-सिनेमांतील नटी आणि बोहल्यावर चढणारी नवरी. दोघींचाही प्रयोग ठरावीक तासांत आटोपतो, हेच त्या सवलतीमागील कारण असावे. बाकीच्यांनी तोंड धुवावे, कुंकू लावावे आणि कामाला लागावे. ‘स्नो-पावडर’ हा जोडशब्द उच्चारताना वडीलधाऱ्यांच्या आवाजाला जी धार येई, ती ‘विडी-काडी’ ह्या दुसऱ्या एका जोडशब्दाच्या वेळीच काय ती ऐकू येई. वास्तविक प्रसाधनांचा धंदा तोवर ह्या देशात चांगला रुजलेला होता. ई. एस. पाटणवाला ह्यांचा अफगाण स्नो मुंबईत १९१९ सालीच निघाला होता. टाटांच्या तेल गिरणीने १९५२ साली लॅक्मे काढून, विलायती लालीपायी बाहेर जाणारे परकीय चलन वाचविण्याचे राष्ट्रकार्यही अंगावर घेतले होते. आमच्या आजीने मात्र परकीय आणि स्वकीय असा भेदभाव न करता सगळेच चलन वाचविले.

आणि तरीही ह्याच घरात नारायणराव राजहंस, म्हणजे बालगंधर्व (१८८८–१९६७), ह्यांचे नाव निघाले की आजोबांचा कंठ दाटून येत असे. गंधर्वांच्या शालूचा काठ किती रुंद होता, नथ नाकात कशी शोभत होती, पदर सावरण्याची त्यांची लकब कशी होती, ह्यावर जेवणे आटोपल्यानंतर तासतास खल होई. कुलीन स्त्रीने कसे नटावे ह्याचा वस्तुपाठ महाराष्ट्रातील गृहिणींच्या एका अख्ख्या पिढीने एका पुरुषाकडून घेतला, आणि तो पुरुष रंगपटातून तोंड रंगवूनच बाहेर पडत होता, ह्याला कोणाची काडीचीही हरकत नव्हती. हरकत होती ती नातीच्या गालावरील पावडरीला.

शाळेतही न्याय हाच. संस्कृतच्या तासाला ‘मेघदूता’तील अलकानगरी चालली होती, तेथील स्त्रिया हातांत कमळे मिरवितात, केसांत कुंदकळ्या माळतात आणि लोध्राच्या परागांनी मुखावर पांडुर कांती आणतात, हे कालिदासाचे वर्णन आमच्या गुरुजींनी डोळे मिटून, अत्यंत तल्लीन होऊन विशद केले, आणि डोळे उघडल्यावर पुढच्याच बाकावरील एका मुलीच्या तोंडावर परागांऐवजी टाल्कम पावडर दिसल्यामुळे तिला तत्काळ नळावर धाडले. लोध्राचा पराग चालतो आणि शंखजिऱ्याची पूड चालत नाही, ह्याला कोणत्या स्मृतीचा आधार आहे, हे विचारण्याची त्या वेळी आमची प्राज्ञा नव्हती. वात्स्यायनाने चौसष्ट कलांच्या यादीत कपाळावरील टिळ्यासाठी पानांच्या आकृती कातरण्याची कला स्वतंत्र कलमात घातली आहे, हे तर आम्हांला कोणी कळूच दिले नाही; त्या यादीतील गायन आणि पाककला एवढ्या दोनच कलमांची अंमलबजावणी आमच्या आळीत होत असे, आणि त्यांतही गायन मुलगी पाहावयास येतील त्या दिवसापुरते.

परंतु खुद्द आजी रोज सकाळी जे करीत असे, त्याला काय म्हणावे? न्हाणीघरातून बाहेर आल्यावर ती फणेरपेटी पुढे ओढी. झाकणाच्या आतल्या बाजूस आरसा, तो तिरपा उभा राही. खाली फणी, मेणाची डबी आणि पिंजरीचा करंडा ह्यांचे कप्पे. ती बोटाच्या शेवटाने मेण थोडे मळून मऊ करी, कपाळाच्या मध्यावर दाबून त्याचा वाटोळा लेप बसवी, त्यावर पिंजर टिपी, आणि ओल्या पदराच्या टोकाने कडा पुसून वर्तुळ इतके रेखीव करी की कंपासाने काढले असावे. आधी चिकट थर, त्यावर रंग, मग कडांची दुरुस्ती : आज माझी सून ज्याला प्रायमर म्हणते आणि ज्यासाठी दुकानात वेगळी बाटली घेते, ते सर्व आजीच्या कपाळावर एका रुपयाएवढ्या क्षेत्रात रोज बिनबोभाट पार पडत होते. क्षेत्र लहान म्हणून त्याला नट्टापट्टा म्हणत नसत, इतकेच.

नोकरीत असताना हा विषय निघण्याचे कारणच नव्हते. तहसील कचेरीतील अव्वल कारकुनाच्या चेहऱ्याकडे चेहरा म्हणून कोणी पाहत नाही. खातेदार पाहतो तो काम होईल की नाही ह्याचा अंदाज घेण्यापुरता, आणि साहेब पाहतात ते टपाल निघाले की नाही हे ताडण्यापुरते. अशा चेहऱ्याने एकच पथ्य पाळावयाचे असते : आतले काही बाहेर कळू द्यावयाचे नाही. ह्या पथ्यामुळे माझ्या मुद्रेवर जो एक निर्विकारपणा मुरला, तो कोणत्याही लेपाने बुजणार नाही असा माझा समज होता. निवृत्तीच्या दिवशी कचेरीने शाल, श्रीफळ आणि, ज्या दिवसापासून वेळ पाहण्याची गरज संपली त्याच दिवशी, भिंतीवरचे एक मोठे घड्याळ दिले. सुनेने मात्र चेन लावलेली एक फुगीर पिशवी माझ्या हातावर ठेवली आणि म्हणाली, “आई, आता तरी थोडं स्वतःसाठी करा.”

जुन्या सवयीने मी ती पिशवी पलंगावर उपडी करून ऐवजाचा पंचनामा केला. मौजे डोळे येथील कामासाठी तीन कांड्या, मौजे ओठ येथील कामासाठी दोन. गालांकरिता एक चपटी डबी, अभ्रकासारखी चमकणारी. मातकट रंगाच्या दाट लेपाची एक बाटली, आणि तोच लेप, पण अधिक घट्ट, बोटभर नळीत. अंड्याच्या आकाराचा एक गुलाबी स्पंज. शिवाय कात्रीचे कान आणि भलतेच वाकडे तोंड असलेले एक लोखंडी हत्यार, जे आमच्या ह्यांनी नव्या तऱ्हेचा अडकित्ता समजून सुपारीच्या डब्यात नेऊन ठेवले. तो पापण्यांचे केस वर वळविण्याचा चिमटा आहे असे सुनेने सांगितल्यावर त्यांनी चिमटा परत आणून दिला आणि बराच वेळ काही न बोलता वर्तमानपत्र वाचले. सदतीस वर्षे पोरांना बीजगणित शिकविलेल्या माणसाला निरुत्तर झालेले मी फार वेळा पाहिलेले नाही.

लेपाची बाटली माझ्या वर्णाशी जुळेना. सुनेने ती अंदाजाने आणली होती, आणि सासूविषयीचा सुनेचा अंदाज, कितीही झाले तरी, एकदोन छटा उजळच असतो. हा तिचा चांगुलपणा झाला, पण तोंड मानेपेक्षा वेगळ्या गावचे दिसू लागले. तेव्हा आम्ही दोघी तुळशीबागेत गेलो. तेथे शिरताना मला नारो अप्पाजी खिरे ह्यांचे स्मरण होते. पेशवाईत पुण्याची सरसुभेदारी सांभाळलेला हा गृहस्थ म्हणजे आमच्याच खात्याचा पूर्वज. त्याने अठराव्या शतकात ह्या बागेत रामाचे देऊळ बांधले, आणि आज त्या देवळाभोवती टिकल्या, बांगड्या, चाप, लाली आणि नखरंग ह्यांची जी अथांग पेठ पसरली आहे, ती पाहून त्या जाणत्या पुरुषाच्या मनात प्रथम भक्तिभाव आला असता की जकातीचा आकडा, हे सांगणे कठीण नाही.

दुकानातील मुलगी विशीच्या आतबाहेर असेल. तिने माझ्या तोंडाकडे न पाहता म्हटले, “मावशी, मनगट दाखवा.” मनगटावरील शिरा हिरवट दिसल्या तर वर्ण उष्ण, निळसर दिसल्या तर शीत, आणि धड एकही नाही तर मध्यम, असा त्या शास्त्राचा दंडक आहे. माझ्या शिरा एका हाताला हिरव्या आणि दुसऱ्या हाताला निळ्या निघाल्या. “तुमचं मिक्स आहे,” ती म्हणाली, आणि तिने निरनिराळ्या बाटल्यांतील लेपाच्या रेघा माझ्या जबड्याच्या कडेने, गाल संपून मान सुरू होते तेथे, ओळीने ओढल्या. त्यांतली जी रेघ दिसेनाशी होईल ती आपली. बांधाची रेघ स्पष्ट दिसावी म्हणून कोर्टाची पायरी चढलेले खातेदार मी आयुष्यभर पाहिले. रेघ दिसूच नये म्हणून पैसे मोजण्याचा प्रसंग हा पहिलाच. शिवाय दुकानातील दिव्यांत ठरलेला रंग उन्हात कबूल होत नाही, त्यामुळे त्या मुलीने मला हातात आरसा देऊन बाहेर गल्लीत उभे केले. तुळशीबागेच्या ऐन गर्दीत, गालावर पट्टे ओढलेली, हातातल्या आरशात टक लावून पाहणारी प्रौढ बाई उभी असता, एकाही माणसाने थांबून पाहिले नाही. पुण्यात थांबून पाहत नाहीत, हे एक कारण. दुसऱ्या कारणाकडे मी पुढे येणारच आहे.

उन्हात उभे राहिल्याचा एक फायदा झाला : बाटलीवरील मुंगीच्या पावलांएवढी अक्षरे वाचता आली. लेपाला पांढरेपणा देण्यासाठी टायटॅनियम डायॉक्साइड, आणि मग लोहाचे तीन ऑक्साइड, तांबडे, पिवळे आणि काळे. ह्या चौघांच्या कमीजास्त प्रमाणातून गोऱ्यापासून सावळ्यापर्यंत सर्व कातड्यांचे रंग सिद्ध होतात. ह्यातील तांबडा ऑक्साइड म्हणजे आपला गेरू. तुळशीवृंदावनाला लावण्यासाठी तो वाण्याकडून कागदाच्या पुडीत आणीत असू, आणि त्या पुडीचा भाव विचारण्याचेही कोणाच्या मनात येत नसे. तोच गेरू बाटलीत बसल्याबरोबर एवढा महाग कसा झाला, असे मी विचारले, तेव्हा मुलगी अभिमानाने म्हणाली, “मावशी, हा बारा तास टिकतो.” आमच्या वृंदावनाचा दसरा ते दसरा टिकत असे, पण ह्या वादात पडण्यात अर्थ नव्हता. बाटली घेतली.

लेप लावणे दिसते तितके सोपे नाही. आमच्या पिढीचा हात उटण्यावर तयार झालेला. दिवाळीच्या पहाटे अंगाची साल निघेपर्यंत चोळल्याखेरीज स्वच्छता झाली असे आम्हांला वाटतच नाही. इथला सारा कायदा उलटा. स्पंज आधी पाण्यात फुगवावयाचा, मग पिळून काढावयाचा, आणि त्याने लेप चोळावयाचा नाही की पुसावयाचा नाही, केवळ टिपावयाचा. “आई, घासू नका. टिपा. टिपा... आई, घासताय,” असे सून मागे उभी राहून म्हणत असता, तिच्या आवाजात आपण हाताखालच्या लिपिकाशी ज्या सुरात बोलत होतो तोच सूर आहे, हे ऐकून मला त्या सर्व लिपिकांविषयी उशिरा का होईना, सहानुभूती वाटली.

पावडरीचे प्रकरण ह्याहून नाजूक. तरुण कातडीवर ती बसते. वयस्क कातडीवर ती वसाहत करते. डोळ्यांच्या कोपऱ्यांत, नाकापासून ओठांपर्यंत उतरणाऱ्या घड्यांत, कपाळावर, जेथे जेथे पावसाळे काढल्याची खूण आहे तेथे ती सूक्ष्मपणे जाऊन साचते, आणि एरवी चटकन ध्यानात न येणाऱ्या सुरकुत्या मोजणीदाराने नकाशावर शाई फिरविल्याप्रमाणे ठळक होतात. म्हणून उतारवयात लेप कमी, पावडर त्याहून कमी, आणि ओलावा देणारे मलम भरपूर, हा नियम पाळावा लागतो. कोणत्याही विद्येत वाढत्या वयाबरोबर साहित्य कमी करीत जावे लागावे, हे मला मोठे पसंत पडले. सरकारी दफ्तरात मात्र नेमके उलट घडते.

आता डोळे. निसर्गाने येथे असा एक पेच करून ठेवला आहे की, तो पंचविशीतल्या गुरूच्या ध्यानात कधी येत नाही. चाळिशी उलटली की डोळ्यातील भिंग ताठर होत जाते, जवळची वस्तू अंधुक होते आणि चष्मा येतो. चष्मा लावला तर पापणी दिसते, परंतु काच मध्ये असल्यामुळे तिच्यापर्यंत पोहोचता येत नाही. चष्मा काढला तर पोहोचता येते, परंतु पापणी दिसत नाही. मालकी एकाची आणि कब्जा दुसऱ्याचा, असा हा जुनाट दिवाणी तंटा आहे. त्यावर पहिला तोडगा म्हणून सुनेने मोठे करून दाखविणारा आरसा आणला. त्यात पापणी तर दिसलीच. पण हनुवटीवरील दोन केस, नाकाच्या बाजूचा एक तीळ आणि इतर बरीच वहिवाट, जिची आजवर कोठे नोंदच नव्हती, तीही उघडकीस आली. दुसरा तोडगा अधिक विलक्षण. एकच भिंग असलेला एक चष्मा मिळतो. ते भिंग बिजागरीवर इकडून तिकडे फिरते, म्हणजे एका डोळ्याने पाहावयाचे आणि दुसरा रंगवावयाचा, मग भिंग फिरवून उलट करावयाचे. ज्याच्यावर काम चालले आहे त्याने पाहू नये आणि जो पाहतो आहे त्याच्यावर काम चालू नये, हे तपासणीचे तत्त्व आमच्या खात्यात परिपत्रकांत फार वर्षे आहे; अमलात आलेले मी प्रथम ह्या चष्म्यात पाहिले.

कोपर मेजावर टेकवावयाचे, करंगळी गालावर रोवून हात स्थिर करावयाचा, हनुवटी वर उचलून नजर खाली आरशात सोडावयाची. ह्या अवस्थेत तोंड आपोआप उघडते, आणि मुद्दाम मिटून धरले तर हात हलतो. पापणीचे कातडे ह्या वयात सैल पडलेले असते, त्यामुळे एका दमात ओढलेली रेघ मध्येच घडीखाली जाते आणि पलीकडे भलत्याच ठिकाणी बाहेर पडते, जणू ओढा जमिनीखालून वाहतो आहे. ह्यावर सुनेने सांगितले, “सलग ओढू नका. केसांच्या मुळाशी ठिपके द्या, आणि मग जोडा.” एवढे ऐकले आणि माझा जीव भांड्यात पडला. ठिपके देऊन जोडणे! अहो, मार्गशीर्षातल्या थंडीत उकिडवे बसून, बोटांच्या चिमटीतून, अंगणभर जे केले, ते एका पापणीवर करावयास मला कोणाची भीती? उजव्या डोळ्याची रेघ त्या दिवशी अशी उतरली की सून हातचे काम टाकून पाहावयास आली. डाव्या डोळ्याची मात्र तिच्याहून किंचित जाड झाली. म्हणून उजवीला थोडा वाढावा दिला. त्यावर डावीने हरकत घेतली. तिचे समाधान करावे तो उजवी पुन्हा मागे पडली. आणि हे उभयपक्षी दावे-प्रतिदावे निकालात निघेपर्यंत दोन्ही रेघा कानशिलांच्या दिशेने बऱ्याच पुढे सरकल्या होत्या. आमच्या ह्यांनी दारातून डोकावून विचारले, “आज दशावतार कुठल्या गावी?”

आमच्या आईचा काजळाचा कारभार ह्या मानाने फार सुटसुटीत होता. एरंडेलाच्या दिव्यावर तांब्याची वाटी उपडी धरून पाडलेली काजळी, तुपात खललेली. ती बोटावर घेऊन, मूल किंचाळत असता, बोट एकदा असे आणि एकदा तसे फिरले की काम झाले. दोन्ही डोळे सारखे आहेत की नाहीत हे पाहावयास कोणाला सवड होती? आणि एरंडेलावरून आठवले : लिपस्टिक म्हणजे मूळ पाहता मेण, तेल आणि रंग, आणि त्यातले तेल पुष्कळदा हेच एरंडेल. जगात सर्वांत अधिक एरंड आपल्या देशात पिकतो आणि त्यातलाही बहुतेक गुजराथेत. तेथून तो कोठकोठच्या कारखान्यांत जाऊन, सोनेरी टोपणाच्या नळीत बसून, ‘रोजवुड’ किंवा ‘मॉव्ह’ असे नाव धारण करून परत येतो. ज्या द्रव्यासाठी रविवारी सकाळी दोन माणसांनी आम्हांला धरून, तिसऱ्याने नाक दाबून, आल्याच्या रसातून ते घशाखाली लोटावे लागे, तेच आता आम्ही राजीखुशीने, पैसे मोजून, ओठांवर फिरवितो. ओठांपुरते ठीक आहे. पण बशीतून फुर्र करून चहा पिणाऱ्या माणसाच्या ओठांवर लिपस्टिक तग धरीत नाही, आणि कपाने प्यावे तर कपाच्या कडेवर मोहोर उमटते. कोणता कप कोणी विसळावयाचा राहिला, ह्याबद्दल आमच्या घरी पूर्वी तोंडी वाद होत. हल्ली लेखी पुरावा असतो.

एवढा सगळा व्याप झाल्यावर, म्हणजे धुणे, मलम, प्रायमर, लेप, डागांवरचा दाट लेप, पावडर, गाल, भुवया, पापण्या आणि ओठ इतक्या टेबलांवरून चेहरा फिरून आल्यावर, साध्य काय करावयाचे, असे मी एकदा सुनेला विचारले. ती म्हणाली, “काहीच लावलेलं नाही असं वाटलं पाहिजे. नॅचरल.” मी काही वेळ स्तब्ध राहिले. दहा ठिकाणच्या अभिप्रायांनी लठ्ठ झालेली फाईल वर जाते, महिनोन्‌महिने वर राहते, आणि शेवटी तिच्यावर ‘जैसे थे’ असा दोन शब्दांचा शेरा पडून ती खाली येते, हा अनुभव मला नवा नव्हता. फक्त तो शेरा मिळविण्यासाठीच फाईल उघडतात, असे मात्र पूर्वी कधी पाहिले नव्हते.

रात्री हे सर्व उतरविणे, हा एक वेगळाच खटला. पाण्याला न जुमानणारी मस्करा खोबरेल तेलाला मात्र शरण जाते, एवढे सांगितले म्हणजे पुरे.

राहता राहिला ‘ह्या वयात?’ हा निकाल. तो देणाऱ्यांत आमच्या सोसायटीतील सकाळी फिरावयास जाणाऱ्या पुरुषमंडळींचा उत्साह दांडगा. आणि ह्या मंडळींपैकी निदान निम्म्या जणांच्या डोक्यावर कलप आहे. रविवारी सकाळी गॅलरीत जुने फाटके बनियन घालून, खांद्यावर वर्तमानपत्र पसरून, झिजलेल्या दात घासण्याच्या ब्रशाने हा विधी चालतो. कानांच्या पाळ्या आणि कपाळाची कड काळी होते, मिशीच्या बाबतीत मतभेद होतात, आणि तो सर्व वेळ घरातील बाई मागच्या बाजूची राहिलेली जागा दाखवीत उभी असते. दर तीन आठवड्यांनी मुळांशी पांढरे डोकावले की पुन्हा तेच. ह्याला नटणे असे कोणी म्हणत नाही. ह्याला व्यवस्थित राहणे म्हणतात. पासष्ट वर्षांच्या गृहस्थाचे केस कोळशासारखे काळे असणे हे स्वाभाविक, आणि त्याच्या बायकोच्या ओठांवर तांबूस छटा असणे हे संशयास्पद, असा कायदा ज्याने केला असेल तो दाढीही आरशातच पाहून करीत असला पाहिजे. माझ्या मते ह्या वयातच ही विद्या शिकावी. तरुणपणी प्रत्येक रेघेमागे कोणी पाहील काय ही धास्ती, आणि कोणी पाहिलेच नाही तर ही दुसरी धास्ती. पन्नाशी उलटली की बाई लोकांच्या नजरेतून आरपार जाऊ लागते, आणि तुळशीबागेत तोंडावर पट्टे ओढून उभी राहिली तरी कोणी मान वळवीत नाही. परीक्षक उठून गेलेल्या ह्या मोकळ्या दिवाणखान्यात अभ्यास फार मन लावून होतो.

गेल्या नोव्हेंबरात आम्ही दोघे हयातीच्या दाखल्यासाठी बँकेत गेलो. निवृत्तिवेतन घेणाऱ्याने वर्षातून एकदा आपण जिवंत असल्याचे शाबीत करावयाचे असते. पूर्वी त्यासाठी रजिस्टरात सही करीत. २०१४ सालापासून दाखला डिजिटल स्वरूपातही निघू लागला, आणि म्हातारपणी बोटांचे ठसे झिजून यंत्राला उमटेनासे होतात म्हणून २०२१ पासून चेहराही चालू लागला. मी त्या दिवशी यथासांग तयार होऊन गेले होते, ह्यांचे म्हणणे ‘यंत्र ओळखायचंच नाही तुला’ असे असूनही. बँकेतील मुलाने मोबाइल माझ्यापुढे धरला, “काकू, डोळे मिचकवा,” म्हणाला. मी मिचकविले, आणि पडद्यावर हिरवी खूण उमटून मी हयात ठरले. मग ह्यांची पाळी. ह्यांनी मिचकविले. पुन्हा मिचकविले. “काका, जरा उजेडात या.” उजेडात आले. “काका, चष्मा काढा.” काढला. “काका, हलू नका... आता मिचकवा... नाही, दोन्ही.” रांगेतली माणसे वाढत होती, आणि आमचे हे, उन्हात उभे राहून, नव्याने लावलेल्या कलपानिशी, आपण अस्तित्वात असल्याची खात्री पटविण्यासाठी एका तळहाताएवढ्या यंत्रापुढे डोळे मिचकावीत होते. शेवटी त्यांना अंगठा लावावा लागला, आणि तो उमटेपर्यंत तीनदा पुसावा लागला.

परतताना रिक्षात ते बोलले नाहीत. घरी आल्यावर चहा झाला, वर्तमानपत्र झाले, मग ते आतल्या खोलीच्या दारात येऊन उभे राहिले आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत म्हणाले, “ते डोळ्यांखालचं काळं झाकायचं जे काय असतं ना तुझं, नळीतलं... ते पुरुषांना चालतं का गं?”

“चालतं की,” मी चष्मा पुसून डोळ्यांवर चढवीत म्हटले. “मनगट दाखवा आधी. शिरा बघू द्या.”